लाटणं की तबकडी?

प्रश्न : विश्वाच्या सुरुवातीच्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, वेड्यावाकड्या होत्या, असं मी वर्गात शिकवते. पण तेव्हाचीच एक सुबक सर्पिल, म्हणजे वळणदार बाहूंची, दीर्घिका सापडल्याचं वाचलं. मुलांना काय सांगू? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, दोन्ही सांगा! जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला दिसलेल्या आरंभीच्या लहान दीर्घिकांपैकी बऱ्याचशा लाटण्यासारख्या लांबट वाटतात. मात्र कडेने पाहिलेली तबकडीही लांबटच दिसते. म्हणून एकीवरून निकाल देता येत नाही, हजारोंचे आकार एकत्र तपासावे लागतात.

तुम्ही वाचलं ते 'अलकनंदा'बद्दल. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी ती वेबच्या प्रतिमांमध्ये शोधली. २०२५मध्ये शोधनिबंध आला. महास्फोटानंतर, म्हणजे विश्वाच्या जन्मानंतर, जेमतेम दीड अब्ज वर्षांनीची ही दीर्घिका, आणि व्यास सुमारे ३०,००० प्रकाशवर्षं! तिची प्रतिमा वर्गात जरूर दाखवा. मधे तेजस्वी फुगवटा, त्याला वेढणारे दोन रेखीव बाहू, बाहूंवर ओळीने तारकागुच्छ. मला तर नजर हटवावीशी वाटत नाही.

अशी तबकडी बनते कशी? कृष्णद्रव्याच्या, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाने जाणवणाऱ्या द्रव्याच्या, ओढीने वायू आत ओढला जातो, प्रारणातून (प्रकाशासारख्या किरणांतून) ऊर्जा गमावतो. पण त्याचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, उरतो, म्हणून तो फिरत फिरत चपटा होतो. या तबकडीची घडी बसून असे बाहू उमटायला अब्जावधी वर्षं लागतात, अशी समजूत होती. अलकनंदेने ते फार लवकर साधलं. कसं, ते समजायला तिच्यातल्या वायूचा वेग मोजायला हवा. वर्णपटातून, म्हणजे तिच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून पाहिल्यावर, तो कळू शकेल.