कोणती हार्ड डिस्क घेऊ? आधी दुसरी प्रत कुठे आहे ते सांगा

बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणे हे माझे रोजचे काम. येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात आणि बहुतेक वेळा उशिरा येतात. म्हणून या वेळी नेहमीच्या प्रश्नांना एकत्र उत्तरे देतो.

प्रश्न : घरासाठी हार्ड डिस्क घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो, अमक्या कंपनीचा माल हमखास बिघडतो. भरवशाची कंपनी कोणती?

दुकानात शिल्लक काय आहे त्याप्रमाणे हे मत बदलते, असा माझा अनुभव आहे. फिरत्या तबकड्यांच्या डिस्क आज जगात तीनच कंपन्या बनवतात : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. तिन्हींच्या डिस्क माझ्या टेबलावर येतात. खरा फरक मॉडेलचा असतो. बॅकब्लेझ ही अमेरिकेतली क्लाउड कंपनी आपल्याकडच्या डिस्कच्या बिघाडाचे आकडे नियमित जाहीर करते. त्यात सीगेटच्या ३ टीबीच्या एका मॉडेलने धडाधड माना टाकल्या, तर त्याच कंपनीचे ४ टीबीचे मॉडेल वर्षानुवर्षे चालले. तेव्हा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि डिस्क सीएमआर (पट्ट्या सुट्या लिहिणारी) आहे की एसएमआर ते विचारा. एसएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात, त्यामुळे एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. महिन्यातून एकदा बॅकअप घ्यायला ती चालते, नॅसमध्ये (घरच्या नेटवर्कला जोडून ठेवतात त्या डिस्कच्या पेटीत) घालू नका. नॅस घेणार असाल तर मॉडेल क्रमांक जाणकाराला दाखवून मगच पैसे भरा. आणि वॉरंटीत नवी डिस्क मिळते, फोटो मिळत नाहीत.

प्रश्न : १ टीबीची डिस्क घेतली, विंडोज ९३१ जीबीच दाखवते. फसवले का?

नाही. कंपनी १०००ने मोजते, विंडोज १०२४ने.

प्रश्न : ऑनलाइन १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) दोन हजार रुपयांत मिळते आहे. घ्यावी का?

घेऊ नका, ती बनावट आहे. अशा डब्या मी उघडून पाहिल्या आहेत. आत लहानसे मेमरी कार्ड डिंकाने चिकटवलेले असते आणि त्याला खोटी क्षमता सांगायला शिकवलेले असते. कार्ड भरले की पुढच्या फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, पण साठत नाहीत. घेऊन बसला असाल तर एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने ती तपासा आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा.

प्रश्न : लॅपटॉपवर जागा नव्हती म्हणून सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवले. बॅकअप झालाच ना? दुसरी डिस्क पुढे सवडीने घेईन.

नाही, हा बॅकअप नाही. फोटो आधी एका ठिकाणी होते, आताही एकाच ठिकाणी आहेत, आणि तेही टेबलावरून पडू शकेल अशा वस्तूत. ही गैरसमजूत मला सगळ्यात जास्त छळते. मध्यंतरी एक बाई आल्या. मुलाच्या बारशापासून दहावीपर्यंतचे सगळे फोटो एका डिस्कवर होते. वायरीत पाय अडकला आणि चालू डिस्क फरशीवर पडली. मी उघडली तेव्हा आरशासारख्या तबकडीवर ओरखड्यांचे गोल कडे उमटले होते आणि आतला पांढरा फिल्टर राखाडी झाला होता. ती राखाडी पूड म्हणजेच ते फोटो. तो थर खरवडला गेला की कोणालाही परत बसवता येत नाही. हे त्यांना सांगताना मला फार जड गेले.

तीन प्रती हव्यात : एक लॅपटॉपवर (जागा नसेल तर वेगळ्या डिस्कवर), दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर. घराबाहेर का, ते २०१९ च्या महापुरानंतर सांगलीहून आलेल्या एका गृहस्थांकडे पाहून कळले असते. त्यांच्याकडे बॅकअप होता, पण कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क दोन्ही तळमजल्यावरच्या एकाच खोलीत होते. (भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नका. गाळ सुकून तबकडीला चिकटतो. पिशवीत बंद करून ओलीच आणा.) तिसरी प्रत बहिणीच्या घरी ठेवा किंवा क्लाउडवर. मात्र सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते, आणि गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवसच राहते.

बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्राम, शिरले तर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप लावते. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आणि मॅकमध्ये टाइम मशीन आधीपासून असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. दोन-तीन महिन्यांनी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून चार फाइली खरोखर उघडतात का ते पाहा. आणि सवडीने नको, याच आठवड्यात करा.

प्रश्न : डिस्कमधून टक्-टक् आवाज येतो. मित्र म्हणतो रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, नाहीतर चेकडिस्क (विंडोजचा डिस्क दुरुस्तीचा प्रोग्राम) चालव.

दोन्ही करू नका. फ्रीजरमधून काढल्यावर आत बाष्प धरते, आणि डेटा वाचणारे हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवरच तरंगत असते. चेकडिस्क तर आजारी डिस्कवर लिहायला लागते. वायर काढा, ‘एकदा चालू करून बघू’ म्हणू नका, आणि क्लीन रूमची (धूळ नसलेल्या खोलीची) सोय असलेल्या ठिकाणी दाखवा. पेचकस घेऊन झाकण उघडणारा माणूस कितीही ओळखीचा असो, त्याच्या हातात देऊ नका.

प्रश्न : डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्राम ‘गुड’ दाखवतो. मग काळजी नाही ना?

आहे. गूगलने २००७ मध्ये आपल्या डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीच्या) चार मुख्य निकषांत काहीच इशारा दिला नव्हता. उलट ‘रीअ‍ॅलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरचा (खराब झालेल्या किंवा संशयित जागांचा) आकडा शून्याच्या वर चढला तर त्याच दिवशी डेटा दुसरीकडे काढा. मग डिस्क तज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : एसएसडीवरून चुकून फोल्डर डिलीट झाले. रिसायकल बिनही रिकामी केली. परत मिळेल?

बहुधा नाही. ट्रिम (पुसलेली जागा रिकामी करायला सांगणारी सोय) चालू असेल तर एसएसडी तो भाग लवकरच साफ करते. लॅपटॉप आत्ता बंद करा आणि थोडी आशा धरून दाखवायला आणा.

प्रश्न : विंडोज अचानक बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की मागते आहे.

ती ४८ अंकी असते. फोनवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन पाहा, बहुतेकदा तिथे असते. कुठेच नसेल तर मीही काही करू शकत नाही. ज्यांचा लॅपटॉप आज नीट चालतो आहे त्यांनी ती आजच वहीत उतरवून घ्यावी.