आजीच्या आजाराचं उत्तर शोधायचंय, तर आधी माश्या मोजू द्या

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र; गणित नाही). सासूबाईंना अल्झायमर आहे. आयुष्य वाढवणारी औषधं मेंदूही जपतात का, यावर संशोधन करायचं म्हणते. आम्ही मेडिकलसाठीची ‘नीट’ परीक्षा दे म्हणतो. ती सांगते ते रॅपामायसिन सासूबाईंना द्यावं का? – एक आई, सिडको, नाशिक

ताई, आधी शेवटचं. देऊ नका. किडनी प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात ते हे औषध. २००९ मध्ये त्यानं म्हाताऱ्या उंदरांचं आयुष्य वाढल्याचं दिसलं, हे खरं; पण तेवढ्यानं ते अल्झायमरचं औषध होत नाही.

आयुष्य वाढणं आणि मेंदू वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी, आणि मुलीचा प्रश्न नेमका तिथलाच आहे. प्रयोगशाळेत हे काम बऱ्याचदा एक मिलिमीटरच्या सूत्रकृमीवर चालतं. तो दोन-तीन आठवडेच जगतो. रोज प्रत्येकाला बारीक तारेनं हळूच स्पर्श करायचा. हलला नाही तर मेला, अशी नोंद. अल्झायमरमधलं माणसाचं प्रथिन ज्यांच्यात घातलंय, ते कृमी लुळे पडतात. औषधानं हे लुळं पडणं लांबतं का, हेही पाहायचं. त्यातही फसगत होते. औषधामुळे कृमी कमी खातो आणि उपाशी राहिल्यानंच जास्त जगतो! म्हणून मोजणाऱ्याला औषधाची बशी कुठली हे कळू देत नाहीत, आणि खाणंही तपासतात. मला या कामाबद्दल फार आदर वाटतो, पण ते सगळ्यांना झेपत नाही.

वाट सांगते. आयसर पुणे या विज्ञान संशोधन संस्थेसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी. त्यात गणितही असतं, तयारी आत्ताच हवी. नाही जमलं तर नाशिकच्याच केटीएचएम किंवा आरवायके कॉलेजमधून बीएस्सी, मग जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. पुढे नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली की महिना ३७,००० रुपये. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. ‘नीट’ तिला स्वतःला द्यायची असेल तरच द्यावी.

हे मोजणं तिला झेपतं का, ते तोवर घरीच पाहा. पिकलेल्या केळ्यावर बसणाऱ्या फळमाश्या वीसेक धरून केळ्याच्या फोडीसह बाटलीत ठेवायच्या, तोंडाला मलमलचं फडकं. दर तीन-चार दिवसांनी नव्या बाटलीत हलवायच्या, नाहीतर पिल्लं मिसळून मोजणी फसते. रोज किती मेल्या, तारखेसह लिहायचं. दोन महिने तरी लागतील. परीक्षा झाल्यावर सुरू करा, आणि ती वही मला दाखवायला आणा.