आजा, आजी आणि 'आर्य'

प्रश्न असा आला आहे: नाझी राजवटीतल्या ज्यूंबद्दल लिहिताना 'छळ', 'नरसंहार' आणि 'वंशसंहार' यांतला कोणता शब्द कधी वापरायचा? आणि 'अनार्य ज्यू' म्हणणं बरोबर आहे का?

पहिल्या भागाचं थोडक्यात. नरसंहारात माणसं मोठ्या संख्येने मारली जातात, मग ती कोणीही असोत. वंशसंहारात एक समूह मुळासकट नाहीसा करण्याचा हेतू असतो. पोलिश ज्यू कायदेपंडित राफाएल लेमकिनचा 'जेनोसाइड' हा शब्द १९४४ साली छापून आला, त्याचा हा प्रतिशब्द. त्यातला ग्रीक 'गेनोस' आपल्या 'जन'चा सख्खा भाऊ. तेव्हा '१९३३ पासून वंशसंहार सुरू झाला' हे चूक. १९३३ ते १९३९ हा छळ. १९४१च्या उन्हाळ्यापासून वंशसंहार. सगळीकडे एकच शब्द फासला की एकातून दुसरं कसं निघालं तेच दिसेनासं होतं.

आता 'अनार्य'. हा शब्द अवतरणचिन्हांशिवाय छापलेला दिसला की संताप येतो. मराठीत 'आर्य' अजून घरात नांदतो आहे, आणि कुठे, तर 'आजा'मध्ये! संस्कृत आर्यक, प्राकृत अज्जअ, मराठी आजा. 'र्य'चा 'ज्ज' होतो, मग जोडाक्षर सुटं होतं आणि आधीचा स्वर लांबतो. कार्य, कज्ज, काज हीच वाट. आजी त्यातलीच, आणि आजोळ म्हणजे आजाचं कुळ. आर्य हा मुळात आदराचा शब्द, घरातल्या वडीलधाऱ्याला लावायचा, म्हणून तो आजोबांना चिकटला. मॅक्स म्युलरने 'अर्' म्हणजे नांगरणे असं धरून आर्य म्हणजे शेतकरी ठरवला, ते ओढूनताणून आहे. पाणिनी 'अर्यः स्वामिवैश्ययोः' सांगतो, म्हणजे 'अर्य' हा शब्द स्वामी आणि वैश्य या अर्थांनी; मला त्यातल्या 'स्वामी'कडून आलेली वाट सरळ वाटते. मात्र त्याच म्युलरने १८८८ साली बजावलं होतं की आर्य रक्त, आर्य वंश म्हणणारा वंशशास्त्रज्ञ हा 'लांबडोक्या' (कवटीच्या मापाचा शब्द) शब्दकोशाबद्दल बोलणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाइतकाच दोषी. डॉ. आंबेडकरांनीही १९४६ साली ऋग्वेदातले उल्लेख तपासून 'आर्य' तिथे वंशवाचक नाही असंच मांडलं.

आणि नाझी कायद्याने काय केलं? आजे-आज्याच मोजल्या. ७ एप्रिल १९३३च्या कायद्याने 'अनार्य' सरकारी नोकरांना घरी बसवलं. अनार्य कोण, ते चार दिवसांनी आलेल्या नियमात होतं: चौघांपैकी एक आजा किंवा आजी ज्यू असली तरी पुरे. आर्य असल्याचा पुरावा म्हणून स्वतःचा, आईवडिलांचा आणि चारही आजा-आजींचा असे सात जन्माचे किंवा बाप्तिस्म्याचे दाखले, शिवाय लग्नाचे तीन. १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांतून 'आर्य' गळाला, 'जर्मन किंवा सजातीय रक्त' आलं, पण मोजणी तीच. १४ नोव्हेंबरच्या नियमाप्रमाणे तीन ज्यू आजे-आज्या असल्या तर माणूस ज्यू; दोन असल्या तर 'मिश्र', पण त्याने ज्यूशी लग्न केलेलं असलं किंवा तो ज्यू धर्मसमाजात असला तर ज्यूच. आजी ज्यू हे कशावरून? ती त्या धर्मसमाजाची होती यावरून! रक्त ओळखायचं साधन त्यांच्याकडे नव्हतंच. चर्चच्या वह्या होत्या.

याद्या तयार झाल्या आणि पुढचे हुकूम त्यांवर चालले. एप्रिल १९३८: पाच हजार मार्कांवरची मालमत्ता नोंदवा. जानेवारी १९३९: नावापुढे पुरुषांनी 'इस्राएल', बायकांनी 'सारा' लावा. सप्टेंबर १९४१: सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने छातीवर पिवळा तारा शिवा. २५ नोव्हेंबर १९४१चा हुकूम नीट वाचावा: ज्या ज्यूचं वास्तव्य परदेशी गेलं त्याचं नागरिकत्व रद्द आणि मालमत्ता सरकारजमा. पोलिसांनी गाडीत कोंबून सरहद्दीपार नेलेला माणूससुद्धा यात 'परदेशी गेलेला'. पूर्वेकडे तर दाखलेही कोणी मागितले नाहीत. कीवजवळ बाबी यारच्या घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. ज्यूंच्या संहाराची आखणी करायला नाझी अधिकारी जमले त्या २० जानेवारी १९४२च्या वान्झे बैठकीच्या इतिवृत्तात युरोपभरच्या १ कोटी १० लाखांहून जास्त ज्यूंचा देशवार तक्ता आहे, आणि त्याच कागदांत पुन्हा 'मिश्रां'चं काय करायचं याची पानं.

म्हणून 'अनार्य ज्यू' नको. 'ज्यू' पुरतं. जिथे कायद्याबद्दलच बोलायचं असेल तिथे 'नाझी कायद्याने ज्यू ठरवलेले' असं लिहा, कारण त्यांत स्वतःला ज्यू न मानणारेही होते. एडिथ स्टाइन ज्यू घरात जन्मली, पण कॅथलिक नन होती. ऑगस्ट १९४२ मध्ये तिला हॉलंडमधल्या मठातून उचललं आणि आठवड्याभरात आउश्वित्झला मारलं.