मुंबई मॅरेथॉन कधी सुरू झाली आणि आजवर कोणी गाजवली?

२००४ पासून. दर जानेवारीत, बहुधा तिसऱ्या रविवारी, मुंबईत जेमतेम थंडी असते तेव्हा. आधी स्टँडर्ड चार्टर्डच्या नावाने होती, २०१८ पासून टाटांच्या. अजूनही कित्येकजण 'स्टॅनचार्ट'च म्हणतात. कोविडमुळे २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षं मात्र गेली.

पहिली शर्यत दक्षिण आफ्रिकेच्या हेंड्रिक रामालाने जिंकली. त्यानंतर मुख्यतः केनिया आणि इथिओपियाचंच राज्य. मधेच युगांडाचा जॅक्सन किप्रोप (२०१३), टांझानियाचा अल्फोन्स सिंबू (२०१७). हाच सिंबू पुढे २०२५ मध्ये टोकियोत जगज्जेता झाला.

माझा आवडता किस्सा २०२०चा. इथिओपियाच्या देरारा हुरिसाचे बूट हरवले. गडी दुसऱ्याचे उसने बूट घालून धावला आणि २:०८:०९ अशी वेळ देऊन या शर्यतीच्या विक्रमासकट जिंकला! इथे आपण नवे बूट घेऊन महिनाभर 'चावतात' म्हणून रडतो. तो विक्रम २०२३ मध्ये हायले लेमीने २:०७:३२ ला मोडला. महिलांमध्ये त्याच दिवशी अँचिअलेम हेमानोतने २:२४:१५ चा विक्रम केला.

वेळा याहून खाली फारशा का येत नाहीत? दमट हवा, आणि परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ. टॅक्सीतून जाताना तो जाणवतही नाही. पण तीसेक किलोमीटर पायांत भरल्यावर तिथे भलेभले चालायला लागतात, आणि कडेला उभे असलेले काका-काकू संत्र्याच्या फोडी, चिक्की हातात कोंबत "चला, चला, आलंच" म्हणत असतात. आलेलं काही नसतं.