आधी नडगीचं बघा, दहा किलोमीटरचं नंतर

तुमचा प्रश्न वाचला आणि माझे ते दिवस आठवले. नऊ आठवड्यांचा 'काउच टू फाइव्ह के', म्हणजे नवशिक्यांना ५ किलोमीटर धावायला शिकवणारा कार्यक्रम, पुरा झाला, ५ किलोमीटर न थांबता जमतात, म्हणून पुढच्याच रविवारी तुम्ही ८ केले. आता नडगीच्या आतल्या बाजूला दुखतंय, आणि तुम्ही विचारताय १० किलोमीटरसाठी कोणतं वेळापत्रक घ्यावं. बूट, पाणी, वॉर्मअप यांवर लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच.

मी डॉक्टर नाही, फक्त यातून गेलेली आहे. पण एक गोष्ट आत्ताच करा. खाली बसा आणि घोट्यापासून वर, नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठ्याने दाबत जा. दुखरा पट्टा चांगला चार-पाच बोटं लांब असेल आणि धावायला लागल्यावर दुखणं जरा कमी होत असेल, तर बहुधा शिन स्प्लिंट्स, म्हणजे जास्त धावण्याने नडगीच्या कडेला होणारा दाह, आहे. पण बोटाचं टोक ठेवावं एवढ्याच जागी जीव कळवळत असेल, किंवा रात्री अंथरुणातही ठणकत असेल, तर धावणं आजपासून बंद.

माझं दुसऱ्या प्रकारचं होतं. मी ५ वरून थेट ९ वर गेले होते. धाप लागली नाही, दुसऱ्या दिवशी पायही दुखले नाहीत, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा ९. मग नडगीवर तो एक ठिपका दुखायला लागला. दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, "हाड उत्तम आहे, स्नायू आखडलाय" म्हणाले आणि वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. मी गोळी घेऊन तीन आठवडे धावले. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. ९ किलोमीटरपेक्षाही मोठी.

स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हापुन्हा पडणाऱ्या भाराने हाडाला गेलेली बारीक भेग, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये लवकर दिसतं. हे मला तिथे कुणीही सांगितलं नाही. दुसरीकडे गेले, एमआरआय झाला, भेग निघाली आणि बारा आठवडे धावणं बंद. राग एक्स-रेचा नाही. "गेल्या महिन्यात किती धावलात, एकदम किती वाढवलंत?" हा एक प्रश्न कुणी विचारला असता तर तिथेच उलगडा झाला असता. दुखणं दाबून धावायला गोळी घेऊच नये, या मतावर मी आजही ठाम आहे.

हे होतं का, तर दम काही आठवड्यांत वाढतो, हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) यांना महिने लागतात. भार वाढला की शरीर आधी हाडाचा जुना भाग काढून टाकतं आणि नवा भाग नंतर, सावकाश भरतं. मधल्या काळात हाड कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच आपल्याला वाटतं की आपण आता तयार झालो. जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये आखलेला तो 'काउच टू फाइव्ह के' कार्यक्रम, माझ्या मते, आपल्याला अडवून धरतो म्हणूनच चालतो. जास्त धावता येत असतं तरी तो 'आज एवढंच' म्हणतो. नऊ आठवडे संपले की अडवणारं कुणी राहत नाही.

'आठवड्याला दहा टक्के वाढवा' हे तुम्हाला सगळे सांगतील. २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावपटूंवर अभ्यास झाला, त्यात तसं हळूहळू वाढवणाऱ्यांच्या दुखापती इतरांपेक्षा कमी निघाल्या नाहीत. २०२५ मध्ये ५,००० हून जास्त धावपटूंच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा धोका दिसला तो एकाच धावेत घेतलेल्या उडीचा: मागच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त. तुमची ५ वरून ८ ही साठ टक्क्यांची उडी आहे.

म्हणून दुखणं पूर्ण गेल्यावर, आणि चालताना काही होत नसेल तरच, आठवड्यातले तीन दिवस तसेच ठेवा. दोन दिवस सोपं, छोटं धावा. तिसऱ्या दिवशीची लांब धाव ५.५, ६, ६.५ अशी वाढवा, चौथ्या आठवड्यात ५ वर या, मग ७, ७.५, ८ आणि पुन्हा ६. याच चालीने १० किलोमीटर तेराव्या आठवड्यात येतात. अंतर वाढवताना वेग वाढवायचा नाही. सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. मधे चालावं लागलं तर खुशाल चाला. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी मॅरेथॉनच्या तयारीतही ठरवून चालायलाच शिकवलं.

पोटऱ्यांसाठी टाचा उचलण्याचा व्यायाम गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही करा, सगळे एकच प्रकार करतात. आणि वाचणाऱ्या बायकांसाठी: धावणं वाढल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर खाणं कमी पडतंय का हे तपासा. त्याचा थेट परिणाम हाडांवर होतो.

अंगठ्याने दाबून काय आढळलं ते इथे लिहा. एकच ठिपका असेल तर डॉक्टरांकडे जाताना महिन्याभराच्या धावांची अंतरं तारखांसकट कागदावर लिहून न्या आणि त्यांनी विचारलं नाही तरी पुढे ठेवा. एक्स-रे स्वच्छ आला तर एमआरआयचं स्वतःहून विचारा.