आंबा-फणस आणि नारळाच्या दुधाचे गोड पदार्थ खरंच पौष्टिक असतात का?

तुम्ही विचारलंय की मुलांसाठी असले पदार्थ घरी सुरू करावेत का आणि कोकणी माणसाला त्यांचं एवढं कौतुक का. माझं माहेर रत्नागिरीकडचं, सासर नाशिकचं. दोन्हीकडचं खाऊन सांगते.

आमच्या पंचवटीतल्या घरी नारळ येतो तो ओटीतून, नाहीतर देवळातून. नवरात्र संपलं की फ्रीजमध्ये वाट्या साठतात आणि मग नाइलाजाने साखर घालून वड्या. माहेरी उलटं. झाडं परसात, त्यामुळे नारळ रोजच्या वाटणात, नि गोडातही दूध-खव्याच्या जागी तोच. मे महिन्यात बरका, म्हणजे मऊ रसाळ गऱ्यांचा फणस फोडला की गऱ्यांचा रस काढायचा, तांदळाचा रवा आणि गूळ घालून सांदणं वाफवायची. खायची नारळाच्या दुधाबरोबर. त्या दिवशी रात्रीचं जेवण कोणी मागत नसे! तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं: हे जेवणानंतरचं गोड नव्हेच, पोटभरीचं खाणं आहे.

कारण 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण 350 कॅलरी आणि 33 ग्रॅम चरबी असते, त्यातली बहुतेक संपृक्त. तंतू 9 ग्रॅम, पण दूध पिळून घेतलं की ते चोथ्यातच राहतात. म्हणून मी चोथा फेकत नाही, भाजीत किंवा थालीपिठात ढकलते. गाईच्या दुधाऐवजी म्हणून मुलांना देत असाल तर थांबा. गाईच्या 100 मिली दुधात 120 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, नारळाच्या दुधात त्याच्या पावभरही नाही.

आंब्याशी मात्र त्याची जोडी छान जमते. आंब्यातलं बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतो, तो नारळ देतो. सांदणांत फणसाऐवजी पिकलेला हापूस असेल तर गूळही निम्म्यावर आणा. घरात कोणाला मधुमेह असेल तर एक सांदण, तेही जेवणातला भात कमी करून.

दूध घरीच काढा. कोमट पाण्यात खोबरं वाटून पिळायचं, पहिलं दाट दूध वेगळं ठेवायचं आणि गॅस बंद केल्यावरच घालायचं. उकळलं की फुटतं.

आणि नाशिकची म्हणून द्राक्षं त्यात घालायचा मोह होईल. मी घातली होती. सासूबाईंनी एक चमचा चाखून वाटी माझ्याकडे सरकवली.