बजेटमधल्या हलक्या लॅपटॉपसाठी कोणता प्रोसेसर घ्यावा?

ठाण्याहून वाशीला रोज ट्रान्स-हार्बरने कॉलेज, लॅपटॉप सॅकमध्ये, काम म्हणजे वर्ड-एक्सेल आणि थोडं पायथन, असं तुम्ही लिहिलंय. मग नावाच्या शेवटी ‘यू’ असलेलाच, म्हणजे कमी वीज खाणारा, प्रोसेसर बघा. ‘एच’वाले ताकदीचे असतात, पण तापतात आणि चार्जरही जड येतो.

मी एएमडीचा रायझन ५ ७५३०यू घेईन. बजेट तेवढं ताणता येत नसेल तर इंटेलचा आय३-१२१५यू. रायझनमध्ये एक मेख आहे. ७५२०यू दिसायला सख्खा भाऊ, पण तिसरा आकडा वाचा: २ म्हणजे जुनं झेन २ (झेन म्हणजे चिपच्या रचनेची पिढी), ३ म्हणजे झेन ३; ७५२०यूला चार कोअर, ७५३०यूला सहा. काउंटरवर दोन्ही ‘रायझन फाइव्ह, सात हजार सिरीज’ म्हणूनच दाखवतात, त्यामुळे खोक्यावरचा पूर्ण नंबर वाचल्याशिवाय कार्ड काढू नका.

इंटेलचा एन१०० स्वस्त पडतो, टायपिंगला ठीक. ब्राउझरचे टॅब वाढले की दमतो.

आणि हो, रॅम. ७५२०यूसोबत ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. बाकीच्या पातळ मॉडेलमध्ये रॅमसाठी जादा स्लॉट आहे का ते विचारा. नसेल तर आत्ताच १६ जीबी घ्या.